रविवारची सुट्टी मिळाली, पण जखमी कामगाराच्या पगाराचं काय झालं? ठाण्याच्या नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट

दरवर्षी १० जूनच्या आसपास व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. रविवारची सुट्टी आपल्याला इंग्रजांनी फुकट दिली नाही, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असा त्याचा सूर असतो. मेसेज बराचसा खरा आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी द्यायचं मान्य केलं, आणि त्यामागे लोखंडे यांची सहा वर्षांची खटपट होती.

पण लोखंडे यांनी मागितलेल्या पाच गोष्टींपैकी रविवार ही फक्त एक होती. यादीतली शेवटची मागणी आज फारशा कुणाला आठवत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. आज आपण जिला आरोग्य विमा किंवा सामाजिक सुरक्षा म्हणतो, तिची ही मुंबईच्या गिरणगावातली पहिली पायरी. रविवार सहा वर्षांत मिळाला. या मागणीला पिढ्या लागल्या.

ठाण्यातला मुलगा

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. त्या काळी ठाणे हे किल्ला, तुरुंग, कचेऱ्या आणि तलावांचं गाव होतं. नारायण पाच वर्षांचा असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यात येऊन थांबली. पुढच्याच वर्षी मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव सुरू केली. रेल्वे आणि गिरणी या दोन्ही गोष्टींनी या मुलाचं आयुष्य ठरवलं.

नारायण मॅट्रिकपर्यंत शिकला. बहुजन समाजातल्या मुलासाठी त्या काळात ही मोठी मजल होती. मग रेल्वेत नोकरी, टपाल खात्यात नोकरी, आणि शेवटी मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत कारकुनी. ही शेवटची नोकरी महत्त्वाची. कारकून हा गिरणीत विचित्र जागी असतो. तो यंत्रावर उभा राहत नाही, पण हजेरी, खाडे, दंड, पगार हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. कोणाचं नाव हजेरीपटावरून अचानक नाहीसं झालं आणि का, हे त्याला कळतं.

याच काळात लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केलं होतं. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि मरेपर्यंत चालवलं. नोकरी सोडून वर्तमानपत्र चालवणं हा तेव्हाही काही फायद्याचा धंदा नव्हता. पण शेतकरी आणि कामगारांची बाजू मांडणारं नियमित छापील व्यासपीठ त्यांच्या हाती आलं.

गिरणीत नेमकं काय चालायचं?

लोखंडे यांची शेवटची मागणी समजून घ्यायची तर आधी गिरणीतला पगार कसा मिळायचा ते पाहावं लागतं.

सूर्योदयाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. विजेचे दिवे अजून यायचे होते, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा तर पाळीही मोठी. दुपारच्या जेवणाची ठरलेली सुट्टी नाही. साप्ताहिक सुट्टी नाही. मधूनमधून सुट्टी मिळाली तरी त्यातला बराच वेळ यंत्रं पुसण्यात जायचा. महिन्याचा पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे, पुढच्या महिन्यातले कित्येक दिवस तो मालकाकडेच अडकलेला असे. म्हणजे कामगाराची महिना-दीड महिन्याची कमाई कायम गिरणीत पडलेली, आणि घर चालायचं ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. न सांगता गैरहजर राहिलं तर अडकलेला पगारही बुडण्याची भीती.

आता अशा माणसाचा हात पट्ट्यात सापडला असं समजा. छताखालून फिरणाऱ्या लांब दांड्यावरून चामडी पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत यायचे आणि त्यांना कुंपण क्वचितच असायचं. जखमी माणसाची जागा त्याच दिवशी दारात उभ्या असलेल्या बदली कामगाराला मिळायची. कोणाला घ्यायचं ते मुकादम ठरवायचा. जखमी माणसाला मालक काही देणं लागतो, असं सांगणारा कायदा नव्हता.

मग उपचारांचं काय? इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मुंबईत गरिबांसाठी रुग्णालयं नव्हती असं नाही. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून चालू होतं, गोकुळदास तेजपाल रुग्णालय १८७४ पासून. तिथे गरिबाला पैसे न मोजता उपचार मिळू शकत. अडचण डॉक्टरच्या फीची नव्हतीच. खाटेवर पडून राहिलं की पगार बंद, उधारी बंद, खोलीचं भाडं थकलेलं. त्यामुळे कामगार एक तर जखम बांधून पुन्हा यंत्रावर उभा राहायचा, नाहीतर कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी निघून जायचा. गाव हाच त्याचा विमा होता, आणि त्याचा हप्ता गावाकडची बायको-पोरं शेतात राबून भरत होती.

लोखंडे यांनी हे ओळखलं होतं, म्हणून त्यांच्या मागणीत औषध किंवा दवाखाना हे शब्दच नाहीत. तिथे पगार आहे.

सुपारीबागेतल्या सभा

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, एवढाच त्याचा जीव. तोही शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता. मोठ्या माणसांविषयी त्यात जवळजवळ काही नव्हतं. कायदा अपुरा असल्याची ओरड झाल्यावर मुंबई सरकारने १८८४ मध्ये मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली एक फॅक्टरी आयोग नेमला.

आयोगासमोर मालक बोलणार हे उघडच होतं, त्यांची संघटना १८७५ पासून होती. कामगारांच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं. लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यातून जो अर्ज तयार झाला त्यावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि शेवटी जखमी कामगाराची ती मागणी.

सहज म्हणून त्याच वेळी जगात काय चाललं होतं ते पाहा. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला आणि जुलै १८८४ मध्ये अपघात विम्याचा. आधुनिक आरोग्य विम्याचा इतिहास सांगताना सगळे तिथून सुरुवात करतात. सुपारीबागेतली सभा त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांची. गिरणीत घाम गाळणाऱ्या, बहुतेक निरक्षर माणसांनी जवळपास त्याच काळात तीच गोष्ट मागितली होती. फरक एवढाच, की बिस्मार्कच्या हातात राज्य होतं आणि लोखंडे यांच्या हातात अर्ज.

आयोगाने या मागण्या कायद्यात उतरवल्या नाहीत. लोखंडे यांनी मात्र ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ म्हणजे गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. भारतातली ही पहिली कामगार संघटना मानली जाते. तिला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. म्हणून काही इतिहासकार तिला आजच्या अर्थाने युनियन म्हणायला तयार नसतात. मुद्दा बिनचूक आहे, पण मग प्रश्न असा की हातावर पोट असलेल्या आणि महिनाभराचा पगार मालकाकडे अडकलेल्या माणसांनी वर्गणी कशातून काढायची होती?

रविवार मिळाला तो दिवस

पुढची पाच-सहा वर्षं अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’तलं लिखाण यांत गेली. इथे राजकारणही गुंतागुंतीचं होतं. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायदे लादा, असा आग्रह इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड उत्पादक धरत होते, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना नडत होतं. त्यामुळे राष्ट्रवादी विचारांची बरीच वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्यांकडे देशी उद्योगावरचा हल्ला म्हणून बघायची. लोखंडे मधोमध सापडले होते. लँकेशायरचा हेतू काहीही असो, बारा-चौदा तास उभं राहणाऱ्या बाईला विश्रांती हवी की नको, एवढाच प्रश्न त्यांनी लावून धरला.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही दाखला लोखंडे यांनी सुट्टीसाठी दिल्याचं सांगितलं जातं. जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नव्या फॅक्टरी आयोगावर मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंडे यांना घेण्यात आलं, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभरासाठी आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली.

पाचापैकी दोन मागण्या थेट कायद्यात गेल्या. जखमी कामगाराचा पगार मात्र जिथल्या तिथे राहिला. कारण उघड आहे. सुट्टी दिली तर मालकाचा एक दिवस जातो, आणि ती सगळ्याच गिरण्यांनी दिली तर स्पर्धेत कोणी मागे पडत नाही. जखमेची जबाबदारी घ्यायची म्हणजे धोकादायक यंत्राची किंमत मालकाच्या वहीत लिहायची. ती तोवर कामगाराच्या शरीरावर लिहिली जात होती.

लोखंडे यांचं काम गिरणीपुरतं नव्हतं. विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून मुंबईतल्या न्हाव्यांचा संप त्यांनी १८९० मध्येच घडवला. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत ऐक्यासाठी प्रचंड मोठी सभा घेतली. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर केलं.

प्लेग, आणि रुग्णालयाची भीती

सप्टेंबर १८९६. मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला तो मांडवी भागात, म्हणजे लोखंडे यांच्या जुन्या नोकरीच्या परिसरात. ऑक्टोबरमध्ये महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. शिपाई घरात शिरायचे, आजारी माणसाला उचलून न्यायचे, आणि तो बहुधा परत यायचा नाही. रुग्णालयात नेऊन मारतात, अशी अफवा चाळीचाळीत पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या हजारभर जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

या घटनेकडे नुसता अडाणीपणा म्हणून बघणं सोपं आहे. पण या माणसांनी रुग्णालय पाहिलं होतं ते सरकारी सक्तीच्या रूपात. तिथे जेवण कोणाच्या हातचं, भोवती कोण, नातेवाइकांना भेटू देतील का, मेल्यावर देह मिळेल का, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. उपचार फुकट असूनही ते पळत होते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून लाखो लोक गावाकडे निघून गेले. अनेक गिरण्यांत माणसं मिळेनाशी झाली.

यावर तोडगा म्हणून निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली. रुग्ण आपल्या माणसांत आहे एवढ्या दिलाशावर लोक तिथे यायला तयार व्हायचे. लोखंडे यांनी असंच ‘मराठा हॉस्पिटल’ उभं करण्यात पुढाकार घेतला आणि स्वतः रुग्णांमध्ये वावरू लागले. प्लेगची लस तेव्हा नुकती कुठे तयार होत होती. हाफकिन यांनी ती जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःवर टोचून पाहिली. शहरातल्या सामान्य माणसापर्यंत ती पोहोचलेली नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. ९ फेब्रुवारीला लोखंडे प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्या आत. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. एका महिन्याच्या आत सत्यशोधक चळवळीने दोन मोठी माणसं आजाऱ्यांच्या उशाशी गमावली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर केला. चूक कोणाची हे न पाहता जखमी कामगाराला मालकाने पैसे द्यायचे, हे तत्त्व त्यात होतं.

मागणी पुढे कुठे गेली?

हिंदुस्थानात तसा कायदा यायला १९२३ उजाडलं. कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यात पूर्ण पगार नव्हता, आणि जखम झाल्यानंतरचे पहिले काही दिवस तर हिशेबातच धरले जात नव्हते. शिवाय पैसे एकट्या मालकाच्या खिशातून जायचे, त्यामुळे अपघात नाकारण्याकडे त्याचा कल असे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगाराला पैसे देण्याचा कायदा केला, असा तो देशातला पहिला.

खरा बदल चाळिशीच्या दशकात झाला. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अदारकर या मराठी अर्थतज्ज्ञाला औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगितलं. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे. अदारकर यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला, सुपारीबागेच्या सभेनंतर जवळजवळ बरोबर साठ वर्षांनी. त्यांनी दोन गोष्टी एका गाठीत बांधल्या: डॉक्टर आणि औषध, आणि त्याच्या जोडीला बुडालेल्या पगाराचे रोख पैसे. निधी मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून. जोखीम सगळ्यांत वाटली गेल्यामुळे एका मालकाला अपघात लपवण्याचं कारण कमी झालं.

त्यातूनच एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. लोक त्याला ईएसआय म्हणतात. योजनेची सुरुवात १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीला झाली. ठाण्यात १९६० च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, आणि आज तिथे तसंच उल्हासनगरला कामगार विमा रुग्णालय आहे. लोखंडे यांच्या जन्मगावातल्या कामगाराच्या पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते ती पाऊण टक्क्याची, मालकाचे सव्वातीन टक्के. आजारपणात ठरावीक मर्यादेत, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर जखमी झाल्यास बरा होईपर्यंत ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर काही रक्कम. लोखंडे यांनी पूर्ण पगार मागितला होता, कायदा ९० टक्क्यांवर थांबला.

आजच्या आरोग्य विम्याची चर्चा बहुतेक वेळा रुग्णालयाच्या बिलाभोवती फिरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या ४१ टक्के कुटुंबांत निदान एका व्यक्तीला कुठला ना कुठला आरोग्य विमा होता. महाराष्ट्रात त्यासाठीची सगळ्यात मोठी सरकारी योजना लोखंडे यांच्या गुरूंच्या नावाने आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा मजूर, सगळ्यांना ती आधार आहे. पण ती रुग्णालयाचं बिल भरते, बुडालेली मजुरी भरून देत नाही. डोंबिवलीत धुणीभांडी करणारी बाई ऑपरेशन फुकट झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा कामावर उभी राहते, हे बरेचदा त्या मजुरीवर ठरतं.

ईएसआय मजुरी भरून देते, पण तिलाही कुंपण आहे. सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापना तिच्यात येतात, आणि २०१७ मध्ये पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरवण्यात आली. ठाणे जिल्ह्यातच, भिवंडीत, यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. तिथे मीटरच्या दराने कापड विणणाऱ्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या कारागिराचा हात पट्ट्यात गेला, तर त्याच्यापुढे आजही बहुधा तोच जुना रस्ता असतो: तिकीट काढून गावी जाणं.